शिट्टीबाईंची न घडलेली आठवण

पोहायला शिकवणाऱ्यांची एक जुनी चलाखी आहे. शिकणाऱ्याला पाण्यावर आडवं करायचं, पाठीखाली हात द्यायचा, "धरलंय हं, धरलंय" म्हणत राहायचं आणि बोलता बोलता हात काढून घ्यायचा. माणूस तरंगतो. मग शिकवणारा टाळ्या पिटतो, "बघा, मी केव्हाच सोडलं होतं!" बिचारा शिकणाराही हसतो. फसवला गेलेला माणूस चारचौघांत आणखी काय करणार?

शिट्टीबाईंना या चलाखीचा मनस्वी राग. त्यांच्या मते हा सरळसरळ दगा, मग तो कितीही भल्यासाठी असो. त्या हात काढायच्या आधी मोठ्यांदा सांगायच्या, "आता सोडते." समोरचा "नको, नको" म्हणाला तर सोडायच्या नाहीत. त्यामुळे त्यांच्या वर्गातली माणसं इतरांपेक्षा उशिरा तरंगायची आणि तलावाचे व्यवस्थापक कुरकुर करायचे. "उशिरा तरंगेल, पण शुद्धीत तरंगेल," असं बाईंचं उत्तर ठरलेलं असायचं.

हा वर्ग दुपारचा आणि मोठ्या माणसांचा. लहान मुलांना शिकवणं त्या मानाने सोपं. मूल रडतं, मग विसरतं. मोठा माणूस रडत नाही, कारणं सांगतो. गुडघा दुखतो, कानात दडे बसतात, आज जेवण जरा जड झालंय. बाईंनी ही सगळी कारणं हजारदा ऐकलेली. गळ्यात शिट्टी अडकवून काठावर उभ्या राहिल्या की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, आणि छप्पर असलेल्या तलावात आवाज घुमतो, त्यामुळे खोल बाजूच्या पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही तो फुकट ऐकायला मिळायचा. खरं नाव कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. सगळ्यांच्या त्या शिट्टीबाईच.

बाईंचे वडील याच तलावाचा पंप चालवायचे. पंपघरामागच्या दोन खोल्यांत बाई वाढल्या आणि धड चालता येण्याआधी पाण्यात हातपाय मारू लागल्या. पाण्याची भीती वाटते म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. जमिनीची भीती वाटते का कुणाला?

तर या बाई ब्लॉग लिहायच्या. ब्लॉगचं नाव 'काठावरून'. लेकीने कधीतरी हौसेने सुरू करून दिला होता आणि बाईंना त्याचा नाद लागला. त्या बोलायच्या तशाच लिहायच्या, म्हणजे ओरडायच्या. "नाक धरून पाण्यात उतरणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. एक हात नाकाला, दुसरा कठड्याला. आता पोहणार कशाने, कानाने?" किंवा, "एक गृहस्थ म्हणाले, बाई, मला पाण्याची ॲलर्जी आहे. मी म्हटलं, मग आंघोळीचं कसं करता? त्या दिवसापासून ते वर्गात माझ्यापासून लांब उभे राहतात, आणि मलाही ते सोयीचं पडतं." वाचणारे मूठभर, पण पक्के. लेख यायला उशीर झाला तर विचारायचे, बाई, आज कुणाला झापलं नाही का?

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि बाई घसरून पडल्या. जन्मभर "काठावर पळू नका" म्हणून शिट्टी फुंकणारी बाई, फोन वाजला म्हणून ओल्या फरशीवरून पळत सुटली आणि उजव्या मनगटावर आपटली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! वर्गातल्या मंडळींनी भेटायला येऊन पुरेपूर सूड घेतला. जो तो येताना दारातूनच सांगायचा, "बाई, सावकाश हं, पळत येऊ नका दार उघडायला."

हाताला प्लॅस्टर, त्यामुळे पोहणं बंद आणि लिहिणंही बंद. लेकीला आईचं घरात असं येरझाऱ्या घालणं बघवेना.

"आई, तू नुसती बोल. काय सांगायचंय ते सांग. मी एआयला मुद्दे देते, तो लेख लिहून देईल."

"तो कोण?"

"अगं, कुणी नाही. ॲप आहे ते."

बाईंनी मुद्दे सांगितले. पाण्यात श्वास कसा सोडायचा, एवढंच. लेकीने फोनवर बोटं नाचवली आणि बघता बघता लेख हजर! बाईंनी चष्मा लावून वाचला. त्यात श्वास हा जीवनाचा ताल होता आणि पाणी हा एक मूक गुरू होता. बाईंना हसू आलं, पण खोटं कशाला बोला, बरंही वाटलं. आपण चांगल्या शिकलेल्या घरातून आल्यासारखं वाटलं. "अगंबाई, हे मी म्हणाले?" त्या म्हणाल्या, आणि लेकीने तो ब्लॉगवर टाकून दिला.

त्या लेखाला कधी नव्हे इतके वाचक मिळाले. मग दुसरा, मग तिसरा. बाई दोन-चार वाक्यं बोलायच्या आणि लेक ऑफिसला निघता निघता लेख टाकून मोकळी व्हायची. पुढे पुढे बाईंनी वाचायचंही सोडलं. आपल्याच नावाचं, आपणच सांगितलेलं, त्यात वाचायचंय काय? प्लॅस्टर निघालं, बाई पुन्हा पाण्यात उतरू लागल्या, तरी लेख तसेच चालू राहिले. आयतं मिळालं की हातपाय कोण हलवतो? व्यवस्थापकांनी तर खूश होऊन तलावाच्या वेबसाइटवर ब्लॉगचा दुवा दिला आणि सगळ्यात गाजलेला लेख मोठ्या अक्षरांत छापून तिकीट खिडकीशेजारी लावला. बाई रोज त्याच्यासमोरून जात होत्या. घाईत असायच्या, वाचला मात्र कधी नाही.

आणि एका दुपारी टेलरताई आल्या.

पन्नाशीच्या होत्या. कपडे दुरुस्तीचं दुकान होतं, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं. पहिल्या दिवशी त्या शिडीच्या वरच्या पायरीवर पाय बुडवून बसल्या आणि वर्ग संपेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली. कारणं सांगत नव्हत्या, हे बाईंच्या लगेच लक्षात आलं. "गुडघा दुखतो" म्हणणाऱ्याला हाताळता येतं. गप्प बसून पांढऱ्या पडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? बाईंनी आपलं नेहमीचं सुरू केलं, "ताई, ही शिडी आहे, सोफा नाही," पण टेलरताई हसल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या, आणि बाईंचा आवाज आपोआप खाली आला.

आठवडाभराने त्या कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी बाईंचं मनगट धरलेलं, तेच नुकतं जुळलेलं. बाईंना कळ लागली, पण त्या बोलल्या नाहीत.

"माझा नातू पोहायला जायला लागलाय," टेलरताई म्हणाल्या. त्यांचं हे पहिलं लांब बोलणं. "मी त्याला सोडायला जाते तर काठावर माझेच पाय लटपटतात. परवा तो मला म्हणाला, आजी, तू बाहेरच थांब. मला बाहेर थांबायचं नाहीये, बाई."

"नाही थांबायचं. कशाला थांबायचं?"

"दोन ठिकाणी जाऊन आले. तिथले शिकवणारे म्हणतात, घाबरायचं काय त्यात. ते ऐकलं की मी माघारी फिरते. मग बाहेर तुमचा तो लेख वाचला. तुम्ही लहानपणी नदीत बुडता बुडता वाचलात, त्याचा. वाचून मी तिकीट खिडकीसमोरच रडले. म्हटलं, या बाईंना ठाऊक आहे. यांच्या हातात डोकं ठेवायला हरकत नाही."

बाई म्हणणार होत्या, "कोण? मी?" शब्द अगदी ओठांवर आले होते. पण टेलरताईंची बोटं मनगटात रुतलेली होती, ओठ निळसर पडले होते, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या खांद्यांतला ताठपणा जरासा सैल झाला होता. बाई म्हणाल्या, "हं."

एवढंच. नुसतं "हं". पण आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी त्या दुसऱ्यांना शिव्या घालत आल्या, तीच त्यांनी केली होती. आणि हे त्यांना तिथल्या तिथे, पाण्यात उभ्या असतानाच कळलं.

वर्ग संपल्यावर ओल्या टॉवेलनिशीच त्या तिकीट खिडकीशी गेल्या आणि आपलाच लेख पहिल्यांदा वाचला. "सात वर्षांची असताना नदीच्या काळ्याशार पाण्याने मला कवेत घेतलं. आजही तो गारवा आठवला की अंगावर काटा उभा राहतो. पण त्या भीतीनेच मला जगायला शिकवलं." खाली त्यांचं नाव. शेजारी शिट्टी घातलेला त्यांचाच हसरा फोटो. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली.

लेक संध्याकाळी घरी आली तेव्हा आई दारातच उभी.

"कोणती नदी गं? कुठल्या गावची? मला तरी सांग, कधीतरी जाऊन बघून येईन."

लेकीला आधी समजेना. मग समजलं. "अगं, मुद्दे फार कोरडे होते. मी म्हटलं, जरा मनाला भिडेल असं लिही. त्याने ते घातलं असेल. मीही नीट नाही बघितलं, ऑफिसला उशीर होत होता. पण आई, लोकांना केवढा आवडला तो!"

"आवडणारच. बुडणारं पोर कुणाला आवडत नाही? शिवाय फुकटात वाचलेलं!"

"एवढं काय झालं त्यात? पुसून टाकते आत्ता. कुणाला कळणारही नाही."

"एका बाईने तो वाचून माझ्या हाती जीव सोपवलाय," बाई म्हणाल्या, "ती नदी पुसून टाकशील, पण तिला काय सांगशील?"

लेक खुर्चीत बसली. चप्पलही काढली नव्हती. तिने आईचं भलंच बघितलं होतं, आणि ते बाईंनाही कळत होतं, म्हणून पुढचं ओरडणं त्यांनी गिळलं. "चूक तुझी नाही," त्या म्हणाल्या. "नाव माझं आहे, आणि वाचलं नाही ते मी."

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी मात्र कपाळाला हात लावला. "बाई, त्या लेखावर नवीन वर्ग भरलाय. आता जाऊन सांगणार, ती नदी खोटी होती म्हणून? लोक म्हणतील, हिचं पोहणं तरी खरं आहे का! आणि मला सांगा, त्या बाई शिकतायत ना? मग शिकू द्या. एकदा तरंगायला लागल्या की सांगा सावकाश, हसतील त्याही."

व्यवस्थापकांचं म्हणणं बिनडोक नव्हतं. आज टेलरताई पहिल्यांदा पाठीवर झोपणार होत्या. आणखी एक दिवस गप्प राहिलं तर त्या तरंगणार होत्या, नातवाच्या तलावाशी उभ्या राहणार होत्या, सगळं सुखाचं होणार होतं. सांगितलं तर कदाचित पुन्हा कधीच पाण्यात उतरणार नव्हत्या. "केव्हाच सोडलं होतं" म्हणून टाळ्या पिटणारे लोक हाच हिशोब करत असतील का? आणि आपण इतकी वर्षं त्यांना नावं ठेवत आलो! बाईंना स्वतःची शिसारी आली.

तलावात टेलरताई तयार होत्या. टोपीत केस नीट कोंबलेले, चष्मा काठावर ठेवलेला. "आज डोकं टेकवते," बाईंचं मनगट धरत त्या म्हणाल्या. "सकाळपासून मनाशी ठरवलंय."

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधी एक ऐका. मी नदीत कधी बुडाले नाही. तो लेख मी लिहिलेला नाही, एआयने लिहिलाय. मी न वाचता माझ्या नावावर जाऊ दिला. मला पाण्याची भीती आयुष्यात कधी वाटलेली नाही. काल तुम्ही बोललात तेव्हाच सांगायला हवं होतं, मी घाबरले आणि 'हं' म्हणाले."

टेलरताईंनी मनगट सोडलं. कठडा धरत धरत त्या शिडीपर्यंत गेल्या, वर चढल्या, चष्मा डोळ्यांवर घातला आणि मग वळल्या.

"माझ्या भावाला 'काही होत नाही' म्हणणारा माणूस पट्टीचा पोहणारा होता," त्या म्हणाल्या. "त्यालाही कधी भीती वाटली नव्हती."

त्या गेल्या. बाई पाण्यात तशाच उभ्या राहिल्या. वर्गातले बाकीचे फळ्या धरून आपापले पाय मारत होते आणि कुणीही, एकदासुद्धा, कारण सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या आधी बाई पंपघरातल्या ओट्यावर मोबाइल घेऊन बसल्या. लिहायचं, आणि स्वतः लिहायचं, हे पक्कं होतं. पण काय सांगू! पहिलं वाक्य उतरलं ते असं: "सत्य हे पाण्यासारखं असतं, पारदर्शी आणि खोल." बाईंनी ते वाचलं आणि मोबाइल लांब धरला. मेल्याने आपला सूर माझ्या डोक्यात भरून ठेवलाय की काय! पुसलं. दुसरं आलं, "प्रत्येक चूक आपल्याला काहीतरी शिकवून जाते." तेही पुसलं. तिसऱ्यात 'जीवनाचा प्रवास' आला. कसला प्रवास? घर ते तलाव, चालत पाच मिनिटं!

बोटं अडखळत होती, मनगट ठणकत होतं, ॲप तिथेच बोटाशी होतं. दोन ओळी सांगितल्या असत्या तर त्याने अशी गोड माफी लिहून दिली असती की व्यवस्थापकही डोळे पुसत बसले असते. बाईंनी ते ॲप मोबाइलवरून काढूनच टाकलं. मग समोरच्या पंपाकडे बघून, टेलरताई तिथे उभ्या आहेत असं धरून, मोठ्यांदा बोलायला सुरुवात केली. जे तोंडातून निघालं तेच टाइप केलं. फिल्टर साफ करणारा आत डोकावला, बाई पंपाशी भांडतायत असं समजून निमूट परत गेला.

त्यांनी लिहिलं ते असं:

"इथे एक लेख आला होता. त्यात म्हटलंय, मी लहानपणी नदीत बुडता बुडता वाचले. खोटं आहे. मी कधी बुडाले नाही, नदीसुद्धा लांबूनच पाहिलीय. लेख एआयने लिहिला. पण नाव माझं होतं आणि मी तो वाचलाही नाही, म्हणून खोटं माझंच. यंत्राच्या नावाने बोटं मोडून मला सुटायचं नाही.

वर्गात मी हात काढताना सांगते. इथे सांगितलं नाही. तुम्हाला वाटत राहिलं बाईंनी धरलंय, आणि बाई घरी पाय पसरून बसल्या होत्या.

ज्यांना ती आठवण आवडली त्यांची माफी मागते. मला दुसरी देता येणार नाही, माझ्याकडे नाहीच. पाण्याची भीती कशी असते ते मला माहीत नाही. ज्यांना ती वाटते त्यांच्यावर मी इतकी वर्षं ओरडत आले. त्यातले पुष्कळ पोहायलाही लागले. पण त्यांच्या पोटात काय होत होतं ते मी एकदाही विचारलं नाही. हे आत्ता लिहिताना सुचलं आणि मला लाज वाटली.

यापुढे इथे येईल ते मी लिहीन. उशिरा येईल, वेडंवाकडं असेल, आणि ओरडणं तर असेलच. ज्यांना गुळगुळीत हवंय त्यांनी दुसरा काठ बघावा."

लेकीने तो लेख ब्लॉगवर आल्यावरच वाचला. फोन आला. "आई, मधलं एखादं वाक्य जरा नीट करू का? फक्त एक."

"हात लावशील तर बोटं मोडीन."

"बरं," लेक म्हणाली. "आई, हे वाचताना तुझा आवाज ऐकू आला. इतके दिवस येत नव्हता, आणि माझ्या लक्षातही आलं नाही गं."

बाकीच्यांचं काही इतकं गोड नव्हतं. कुणी फसवी म्हटलं, कुणी म्हातारपणी प्रसिद्धीचा सोस म्हटलं. नव्या वर्गातली काही माणसं यायची बंद झाली. व्यवस्थापकांनी तिकीट खिडकीशेजारचा लेख काढला, वेबसाइटवरचा दुवा काढला आणि आठवडाभर बाईंशी फक्त क्लोरीनबद्दल बोलले. जुने मूठभर वाचक मात्र परतले. त्यांतल्या एकाने लिहिलं, "आलात का? बरं झालं. त्या मूक गुरूला आम्ही कंटाळलो होतो." बाईंना ते वाचून हसू आलं, पण ते काही पोटापर्यंत पोचेना. रोज दुपारी त्यांचं लक्ष दाराकडे असायचं आणि दारातून टेलरताई येत नव्हत्या. दुकानात जावं असं दहादा मनात आलं. पण माफी मागून झाली होती. आता पुन्हा दारात जाऊन उभं राहणं म्हणजे माफ करा म्हणून तगादा लावणं झालं. बाई गेल्या नाहीत. लिहीत राहिल्या.

मग एके दुपारी टेलरताई आल्या. साध्या कपड्यांत, पिशवी खांद्याला. काठाच्या बाकावर बसल्या आणि बाईंना हातानेच बोलावलं. बाई पाण्यातून निघून, थबथबत, त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"वाचलं मी," टेलरताई म्हणाल्या. "राग गेलेला नाही."

"जाऊ नये."

"तुम्ही लिहिलंय, कधी विचारलं नाही म्हणून. मग विचारा आता."

बाई म्हणाल्या, "काय होतं तुम्हाला? पाण्यात उतरलं की?"

टेलरताई सांगू लागल्या. तळ्यावर गेलो होतो सगळे, धाकटा भाऊ दगडावर उभा होता आणि नको म्हणत होता. काका पाण्यातून हाका मारत होते, काही होत नाही रे, मार उडी. आम्ही सगळे हसत होतो, मीसुद्धा हसत होते. भावाने माझ्याकडे बघितलं आणि उडी मारली. "म्हणून पाणी पायाला लागलं की मला आधी ते हसणं ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "मग छाती आवळते. मग वाटतं, आता कुणीतरी 'काही होत नाही' म्हणणार."

बाईंनी डोळे पुसले, तेही उघडपणे.

टेलरताई उठल्या आणि कपडे बदलायच्या खोलीकडे गेल्या. बाई पाण्यात उतरल्या. टेलरताई परत आल्या त्या टोपी घालून. शिडी उतरल्या, कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहिल्या, बाईंकडे पाठ केली आणि मान मागे टाकायच्या आधी विचारलं, "काही होईल का?"

"होईल," बाई म्हणाल्या. "कानात पाणी जाईल. नाकातही जाईल, झोंबेल, ठसका लागेल. मान आखडेल. फार घाबराल. बुडणार नाही, कारण पाणी कमरेइतकंच आहे आणि मी इथे उभी आहे. बाकी सगळं होईल."

टेलरताईंनी डोकं मागे टाकलं. बाईंच्या तळहातात ते दगडासारखं जड आलं. क्षणभर छप्पर दिसलं असेल, तेवढ्यात पाय खाली गेले, तोंडावरून पाणी फिरलं आणि त्या तडफडून उभ्या राहिल्या. नाकातून पाणी, डोळे लालबुंद, ठसक्यावर ठसका. खोल बाजूचे लोकसुद्धा थांबून बघायला लागले. बाई हात तसेच पुढे धरून उभ्या होत्या.

टेलरताईंनी नाक पुसलं. दम गोळा केला. "सांगितल्याप्रमाणेच झालं सगळं," त्या म्हणाल्या, आणि वळून त्यांनी पुन्हा डोकं मागे टाकलं.